लांबवलेली पाळी

आमच्या चारीची पाटकरी ही माझी सख्खी धाकटी बहीण. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी तिचं कौतुक करायला लागलो की मध्येच कोणी विचारायला नको, हा तिचा कोण लागतो. मी तिचा थोरला भाऊ. तिला सायकल मी शिकवली. पाढेही मीच शिकवले, बारापर्यंत, कारण त्यापुढचे मला येत नव्हते. तेरापासूनचे ती स्वतः शिकली आणि मग मला शिकवायला बसली. ते मी काही शिकलो नाही, पण तिला ते येतात हे मात्र मी सगळ्यांना सांगत फिरलो.

पाटकरी म्हणजे पाण्याची वाटणी करणारा माणूस. वर एक तळं आहे, तळ्याला लोखंडी दार, दाराला चाक, चाकाला कुलूप. चाक फिरवलं की दार उचलतं आणि पाणी चारीत उतरतं. चारी म्हणजे आपला लहान पाट. तिच्यावर आमची एकवीस शेतं. पहिलं माझं, दाराला लागून. सगळ्यात शेवटचं काकूंचं. काकू कोणाच्याच सख्ख्या काकू नाहीत, पण सगळे काकूच म्हणतात. आधीचा पाटकरी लेकाकडे राहायला गेला, तेव्हा किल्ली घ्यायला कोणी पुढे येईना. ज्याच्या हातात किल्ली त्याला एकवीस घरांच्या शिव्या. बैठकीत मी म्हणालो, द्या आमच्या बहिणीला. म्हणालो होतो चेष्टेत. आज विचाराल तर मी त्याला दूरदृष्टी म्हणेन.

ती शिवणकाम करायची, अजूनही करते. मोजायची टेप चोवीस तास गळ्यात, म्हणून लोक तिला टेपताई म्हणतात. तिची खोली रस्त्याच्या कडेला. खिडकीखाली मशीन, मशीनशेजारी साबणाच्या डबीत खडूचे तुकडे, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले कागदाचे नमुने. किल्ली आली तसा भिंतीवर एक खिळा वाढला. बाकी वहीसुद्धा तीच राहिली. एका पानावर ब्लाउजांची मापं आणि समोरच्या पानावर शेतांची. कोणाची छाती छत्तीस आणि कोणाच्या सऱ्या छत्तीस, दोन्ही एकाच वहीत. एकदा चुकून एका शेताला तिनं हाताची लांबीही लिहून ठेवली होती.

शेत बघायची तिची तऱ्हा वेगळी. तिच्याकडे मोडक्या छत्रीची दांडी आहे. त्या दांडीवर तिनं नेलपॉलिशनं वितीवितीवर खुणा केल्यात. दांडी मातीत दाबायची, जिथपर्यंत सुखानं गेली तिथपर्यंत ओल. मग वीतभर खालची माती मुठीत घेऊन आवळायची. लाडवासारखी बसली तर पाणी आहे, भुगा झाला तर नाही. आणि पानं बघायची ती सकाळी, ऊन चढायच्या आत.

"दुपारी मक्याच्या पानाची सुरळी झाली तर घाबरायचं नाही," ती सांगायची. "दुपारी सगळेच डोळा लावतात. रात्रभर झोपूनही सकाळी उठला नाही, तर समजायचं, दुखणं आहे."

भूक आणि तहान यांतला फरकही तिनंच सगळ्यांना शिकवला. खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेच्या बाजूनं पिवळी होत आत जातात, अगदी ब्लाउजाच्या व्ही गळ्यासारखी. ती भूक. त्याला युरिया हवा. पान सुरळी होऊन राखाडी दिसलं तर ती तहान. त्याला पाणी. आधी लोक काहीही दिसलं की युरिया टाकायचे. कोरड्या मातीवर टाकलेला युरिया पिकाच्या तोंडी लागत नाही, अर्धा तर हवेतच जातो. मला हे माहीत होतं, असं मी लोकांना सांगतो.

आता त्या शब्दाचं सांगतो. चारीला पाणी सुटायची जी वेळ, तिला आम्ही वर्षानुवर्षं पाळी म्हणत आलो. पुरुष पाटकरी होता तोवर कोणाला त्यात काही वाटलं नाही. किल्ली बाईच्या हातात गेली आणि बाप्यांच्या जिभा अडखळायला लागल्या. आमचे अध्यक्ष म्हणजे सायकल दुरुस्तीवाले. चारीच्या बैठका त्यांच्याच दुकानात मागच्या बाजूला होतात, टायरांच्या थप्पीवर बसून. पहिल्याच बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "तर ताई, तुमची ती... म्हणजे चारीची... दर महिन्याला जी येते..."

"पाळी म्हणा अध्यक्ष," ती म्हणाली. "पाण्यालाही येते."

तेव्हापासून बाप्यांनी तो शब्दच सोडला. अध्यक्ष 'नंबर' म्हणायला लागले, कोणी 'वार' म्हणू लागलं, एकजण तर नुसता आकाशाकडे बोट दाखवायचा. ती मात्र चार माणसांत ठणठणीत आवाजात पाळीच म्हणायची.

यंदा तळं अर्धंच भरलं. चारीवर सगळीकडे मका. दोन पाळ्या झाल्या, तिसऱ्या पाळीपुरतं पाणी तळ्यात उरलं, त्यापुढे काही नाही. ती रोज सकाळी तळ्याच्या भिंतीला टेप लावून बघायची, उन्हानं किती ओढलं. दिवसाला दोन बोटं जायचं.

युरियाचं तिनं पेरणीलाच बजावलं होतं. तीन भाग करा. थोडा पेरताना, थोडा मका गुडघ्याला लागला की, आणि उरलेला तुरा येण्याच्या सुमारास, तोही माती ओली असेल तेव्हाच. पाणी कमी आहे तर पोटही जपून भरा. सगळ्यांनी ऐकलं. मी नाही ऐकलं. धाकट्या बहिणीकडून खताचं माप घ्यायचं म्हणजे जरा जड जातं. दुसऱ्या पाळीच्या वेळी मी उरलेले दोन्ही भाग एकदम टाकून मोकळा झालो. आणि खरं सांगतो, मका असा उठला की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. काळाशार, हात हात रुंद पानं. मी बांधावर उभा राहून प्रत्येकाला नमस्कार घालायचो.

ती आली, पान हातात धरून बघितलं आणि म्हणाली, "दादा, कापड दोन मीटर आणि तू परकर बारा कळ्यांचा बेतलास."

"छान दिसतोय की नाही ते सांग."

"छानच दिसतोय. पण एवढ्या पानांना प्यायला किती लागेल?"

आठवड्याभरात दुपारच्या सुरळ्या दिसायला लागल्या. सगळ्यात आधी माझ्याच शेतात. मग इतरांच्याही. लोक दुकानात जमले. सगळ्यांचं म्हणणं एकच, आत्ता पाणी सोडा. सगळ्यात मोठा आवाज माझा.

तिनं सगळ्यांचं बोलणं होऊ दिलं. मग टेप गळ्यातून काढून मांडीवर ठेवली. "आत्ता दिलं तर पानं टवटवीत होतील, चार दिवस बरं वाटेल. पण पंधरा दिवसांनी तुरे फुटतील, कणसाला केस येतील, आणि तेव्हा तळं कोरडं असेल. तुऱ्याची पिवळी पूड केसांवर पडली तर दाणा धरतो. केसच बाहेर आले नाहीत तर ती पूड पडणार कशावर? मका जन्मात एकदाच खरा तहानतो. मी पाळी लांबवते आहे."

"आणि अंदाज चुकला तर?" अध्यक्षांनी विचारलं.

"तर किल्ली या टेबलावर. परत मागणार नाही."

तिच्या त्या एका शब्दावर एकवीस घरांचा मका टांगलेला होता, आणि तिची किल्लीही. मग कोणीतरी विचारलं, पाणी सोडायचा दिवस कसा ठरवायचा.

"दादाच्या शेतावरून," ती म्हणाली. "खाल्लंय त्यानं सगळ्यात जास्त, तहान त्यालाच आधी लागणार. तुरे दिसायला लागले आणि दादाची पानं सकाळीही उघडली नाहीत, की समजायचं, बाकीच्यांना दोन दिवसांत लागेल. त्या दिवशी चाक फिरेल."

मी छाती फुगवून घरी आलो. बायकोला म्हणालो, "अख्खी चारी माझ्या शेतावर चालणार आहे."

"तुमच्या चुकीवर चालणार आहे," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माझ्या बहिणीनं तळ्याच्या दाराजवळच्या फळ्यावर आपल्या शिवणाच्या खडूनं लिहिलं, "पाळी लांबली आहे. घाबरू नये. पाटकरी." संध्याकाळपर्यंत दोन बायका तिच्या घरी हसत हसत येऊन बसल्या. एकीनं तर तब्येतीला जपायला सांगितलं. तिचं वय त्रेचाळीस. आमचे मेहुणे शाळेची बस चालवतात आणि दिवसाला चार शब्द बोलतात. त्या दिवशी त्यांनी आणखी दोन खर्च केले. म्हणाले, "फळा पूस." तिनं काही पुसला नाही.

लोक रोज माझं शेत बघायला यायला लागले. आधी दोन दिवस मजा वाटली. मग ध्यानात आलं की ते माझा मका किती उंच ते बघत नाहीयेत, किती मिटलाय ते बघतायत. अध्यक्ष सायकलवरून न उतरता म्हणायचे, "दादा, तुमचा मका आज छत्री मिटून बसलाय वाटतं." ज्या शेतासमोर उभा राहून मी नमस्कार घातले, त्याच शेतासमोर लोकांनी चक्‌ चक्‌ करावं, हे मला सहन होईना.

मग मी एक उद्योग केला. घरामागच्या टाकीतून दोन पिंपं भरायची, हातगाडीवर घालायची आणि दिवस मावळायच्या वेळी रस्त्याकडच्या आठ ओळींना पाजायची. सलग चार संध्याकाळी पाजलं. बायको दारात उभी राहून म्हणाली, "पिंपानं मका भिजवताय. उद्या चमच्यानं तळं भराल."

पानं छान उघडली. सकाळी बहीण आली, रस्त्यावरूनच नजर टाकली आणि म्हणाली, "अजून दम आहे. वाट बघू." आणि पुढे गेली. वरच्या टोकाला तुरे डोकावत होते. दुसऱ्या सकाळीही तेच. ती आपल्या भावाच्या शेतात दांडी कशाला दाबेल? रस्त्यापासून आत दहा पावलं गेलं की पानांच्या पुंगळ्या झालेल्या, फुंकलं तर शिट्टी वाजेल अशा. ते मला दिसत होतं. माझ्याशिवाय कोणालाच दिसत नव्हतं.

तिसऱ्या सकाळी शेवटच्या शेताच्या काकू वाटेत भेटल्या. त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर मक्याची पिवळी पूड. शेतातूनच आल्या होत्या.

"तुऱ्यांची पूड गळायला लागली हो," काकू म्हणाल्या. "कणसाला केसाचा पत्ता नाही. पण तुमचं शेत अजून ताजं आहे ना, म्हणजे आमचं अजून ताजं असणार. ताईनं हिशोब लावलाय. ती म्हणते तर थांबायचं."

त्या तक्रार करायला आल्या असत्या तर मी चार उत्तरं दिली असती. आवाजात माझ्यापुढे कोणी टिकत नाही. पण त्या विश्वासानं बोलत होत्या, आणि तो विश्वास माझ्या बहिणीवर होता, आणि त्यात पाणी मी घातलं होतं, तेही पिंपानं.

तसाच तिच्या खोलीत गेलो. ती कोणाच्या तरी झग्याचा गळा शिवत होती.

"अगं, एक सांगायचंय."

"बस. एवढी शिलाई संपवते."

"बसून सांगता यायचं नाही."

मशीन थांबलं. मी सगळं सांगून टाकलं. पिंपं, हातगाडी, आठ ओळी. ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी तिची पाटी माझ्या हातून फुटली होती, तेव्हा अशीच बघितली होती.

"किती दिवस?"

"चार संध्याकाळी."

"म्हणजे तुरे फुटल्यावरच्या दोन्ही सकाळी मी आंधळी होते." तिनं दोरा दातानं तोडला, छत्रीची दांडी उचलली. "दादा, माझीच चूक. उभं राहून कापड बघितलं, हात लावला नाही. चल."

शेतात आत शिरून तिनं दांडी दाबली. तीन बोटं गेली आणि अडली. एका कणसाची सालं तिनं नखानं अलगद बाजूला केली. आत केस होते, आखूड, दाटीवाटीनं बसलेले.

"मेले का?" मी विचारलं.

"रुसलेत. पाणी दिलं तर येतील बाहेर. तुऱ्यात अजून पूड आहे, आज-उद्या-परवा. तेवढीच मुदत."

दहाच्या सुमारास तिनं चाक फिरवलं. दाराचा आवाज ऐकून लोक धावत आले. अध्यक्ष हातातल्या पान्यासकट आले. म्हणाले, "दादाची पानं तर उघडी आहेत, मग आज कसं? आणि काकूंच्या तुऱ्यांची पूड तर गळायला लागली म्हणतात. म्हणजे उशीर झाला की काय?"

ती काही बोलणार तेवढ्यात मीच चारीवरच्या छोट्या पुलावर चढलो. चार माणसांत उभं राहून बोलायची मला सवय आहे, पण तोवर मी कायम माझ्याबद्दल चांगलंच बोलत आलो होतो. म्हणालो, "उशीर माझ्यामुळे झाला. शेत सुकलेलं दिसू नये म्हणून मी रस्त्याकडच्या ओळी चोरून भिजवल्या. हिचा हिशोब बरोबर होता. काटा मी वाकवला."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. अध्यक्षांनी पाना खिशात घातला. "ताई, शब्द तुम्ही दिला होता. बघणंही तुमचंच काम."

"हो," ती म्हणाली आणि कुलपाची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "उद्या सकाळी काकूंच्या कणसाला केस दिसले नाहीत तर तुमच्याकडेच राहू दे. पण आजचं पाणी मी सांगते तसं जाईल."

पाणी तिनं आधी शेवटच्या शेताला दिलं, काकूंच्या, आणि तिथून वर सरकत आणलं. सगळ्या सऱ्यांत नाही, एक सोडून एक. त्यामुळे तेवढंच पाणी दुप्पट शेतांना पुरलं, आणि मुळं बाजूनं ओल शोधून घेतात. ज्यांनी युरियाचा तिसरा भाग जपून ठेवला होता, त्यांनी ओल्या सरीच्या कडेनं तो टाकून मातीनं झाकला. मी उभा राहून बघत होतो. माझ्याकडे टाकायला काही उरलंच नव्हतं.

"माझं शेत कधी?" मी विचारलं.

"सगळ्यात शेवटी. उद्या. आणि तुझ्या त्या आठ ओळी सोडून. त्यांचं जेवण झालंय."

दुपारभर ती गुडघाभर चिखलात. मी तिच्यामागे फावडं घेऊन. ती म्हणेल तिथे माती ओढायची, म्हणेल तिथे फोडायची. लोक बघत होते, थोरला भाऊ धाकटीच्या मागे फावडं घेऊन फिरतोय. मी छाती काढूनच फिरलो. असा पाटकरी कोणाच्या घरात आहे?

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी बांधावर गेलो. पिंपांचं पाणी संपलेलं, त्यामुळे रस्त्याकडच्या आठ ओळीही आता बाकीच्यांसारख्याच मिटलेल्या. येणारा जाणारा सगळं शेत बघत होता. मी कोणाला कारण सांगितलं नाही, की ऊन फार होतं, की बियाणं वेगळं होतं. नुसता उभा राहिलो. काकू चारीच्या कडेनं जवळजवळ पळतच आल्या. हातात पानासकट मोडलेलं एक कणीस, टोकाला ओलसर, चिकट, हिरवट-पिवळ्या केसांचा झुबका, आणि त्यावर पिवळी पूड बसलेली. मागून बहीण आली. तिनं गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली. "मोज, दादा."

मी मोजलं. तीन बोटं.

अध्यक्ष पुलावर आले. कणीस हातात घेऊन त्यांनी उलटसुलट बघितलं, मग खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. फळ्यापाशी गेले, हाताच्या पंज्यानं 'लांबली' पुसलं, खाली पडलेला तिचा खडू उचलून तिथे 'आली' लिहिलं. मग वळून, किल्ली तिच्याकडे गेल्यापासून पहिल्यांदाच, चारचौघांत मोठ्या आवाजात म्हणाले, "दादा, उभे काय राहिलात? तुमची पाळी आली."

सगळा पूल हसला. सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. मी फावडं उचललं, पहिल्या आठ ओळी सोडल्या आणि नवव्या सरीची माती फोडली.